उणे पंचविसात मोर

मोर बर्फात राहतो! बर्फ पडायला लागला की आडोशाला जाऊन अंग चोरून बसेल, असं वाटत असेल तुम्हाला. छे! शेडचं दार सताड उघडं असताना तो बाहेर येतो, छपराच्या कडेवर चढतो आणि पाठीवर बर्फ साचू देत रात्रभर तिथेच झोपतो. आपला मोर! निळ्या मानेचा, आषाढात ओरडून रान डोक्यावर घेणारा. तोच मोर उणे पंचवीस अंश सेल्सिअसमध्ये! हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं आणि तेव्हापासून भेटेल त्याला धरून सांगत सुटले आहे. "आई, तू माझ्या बाळंतपणाला आली आहेस की कोंबड्यांच्या?" असं लेक विचारते. विचारू दे. बाळ गुणी आहे, पोट भरलं की दोन-तीन तास गाढ झोपतं, आणि तेवढ्यात मी जावयाला गाडी काढायला लावते.

मी कराडकडची. आमच्या अंगणात संध्याकाळी डालग्याखाली कोंबड्या झाकायच्या आणि सकाळी डालगं उचललं की फडफडाट करत त्या उकिरड्याकडे पळायच्या. भावाची आता ब्रॉयलरची शेड आहे. तेव्हा कोंबडी मला नवी नाही. नवी होती ती थंडी. आपल्याकडे निफाडचा पारा पाच-सहावर आला की पेपरात बातमी येते, द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात. इथे अमेरिकेत, लेकीकडे मिनेसोटात, जानेवारीतल्या रात्रीचं सरासरी तापमानच उणे तेराच्या घरात असतं. २०१९च्या जानेवारीत तर मिनियापोलिसचा पारा उणे तेहतीसवर गेला होता आणि सरकारी टपालखात्याने पत्रं वाटणं थांबवलं होतं. जिथे पोस्टमन घराबाहेर पडत नाही तिथे कोंबडी कशी राहते, हा प्रश्न मला पडणारच ना! तोवर कुणालाच तो पडला नव्हता याचंच मला जास्त नवल वाटलं. जावई दर आठवड्याला शेतावरून अंडी आणत होता आणि ती अंडी घालणारी कोंबडी या बर्फात काय करत असेल, हे त्याने एकदाही विचारलं नव्हतं. इंजिनिअर माणूस!

ते शेत शहरापासून तासाभराच्या अंतरावर. मालकीणबाई माझ्याहून वयाने मोठ्या, काटक, कानटोपी घालून फावड्याने बर्फ उपसणाऱ्या. आमच्या घरात त्यांचं नाव 'अंडीवाल्या बाई'. पहिल्याच भेटीत त्यांनी माझ्या बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवल्या आणि आमच्या भावाच्या शेडची चौकशी केली, तिथून थेट आलात का म्हणून. त्याचं कारण बर्ड फ्लू. मिनेसोटा टर्की पाळण्यात अमेरिकेत पहिल्या क्रमांकाचं राज्य आहे आणि २०१५च्या साथीत इथले नव्वद लाखांच्या आसपास पक्षी गेले. तेव्हापासून पाहुण्याच्या पायावर आधी नजर जाते. मला हे फार आवडलं. कोंबड्यांची इतकी काळजी घेणाऱ्या बाईकडून चार गोष्टी कळणार, हे तिथेच कळलं.

आणि तेवढ्यात मागून तो आवाज आला. म्यॉऽऽव! मी जागच्या जागी थिजले. आजूबाजूला गुडघाभर बर्फ, काळी पडलेली ओकची झाडं आणि मोराचा आवाज. बाई हसत होत्या.

मोर त्यांच्याकडे कोंबड्यांइतकाच घरगुती आहे. आपल्याकडे तो १९६३पासून राष्ट्रीय पक्षी, १९७२च्या वन्यजीव कायद्याने जपलेला. शिरूर तालुक्यातल्या मोराची चिंचोलीला लोक तो बघायला जातात, बीडकडच्या नायगावला त्याच्यासाठी अभयारण्य आहे. पण धरून घरात ठेवाल तर तुरुंगाची हवा. इथे मात्र हॅचरीच्या यादीत बदक, गिनीकोंबडी यांच्याबरोबर मोराचं पिल्लू विकत मिळतं, जातीचं नाव 'इंडिया ब्लू'. कोंबडीची पिल्लं तर टपालाने येतात! १९१८पासून इथलं टपालखातं एका दिवसाची पिल्लं खोक्यातून पोचवतं आहे. अंड्यातून बाहेर पडण्याआधी पिल्लाने पोटात घेतलेला बलक त्याला दोन-तीन दिवस पुरतो, म्हणून हे जमतं. हे ऐकून मी जावयाकडे बघितलं. त्यालाही माहीत नव्हतं.

आता खुराड्यात चला. बाहेर उणे पंचवीस, श्वास घेतला की नाकातले केस ताठ होतात. मी दारातून आत शिरले तेव्हा आत शेगडी असेल, निदान मोठा दिवा असेल, असं मला वाटत होतं. काहीच नाही! उलट वर, छप्पर आणि भिंत यांच्यामध्ये दोन्ही बाजूंनी वीतभर रुंदीची फट, तिला फक्त जाळी. म्हणजे उबेचं तोंडच उघडं टाकलेलं. खाली सुक्या भुशाची फूटभर जाड गादी, दांडीवर दोन डझन कोंबड्या पिसं फुलवून बसलेल्या, आणि वास? नाहीच. भावाच्या शेडमध्ये हिवाळ्यात सकाळी शिरलं की डोळ्यांतून पाणी येतं, ती अमोनियाची झोंबणारी वाफ इथे नावालाही नव्हती.

"थंडीचं मला भय नाही," बाई म्हणाल्या. "भय आहे ते ओलीचं." आणि त्यांनी मला शेजारच्या बदकांच्या खोपटात नेलं. बदकं पाण्याशी खेळल्याशिवाय राहत नाहीत, सगळीकडे शिंतोडे उडवतात, त्यामुळे तिथली हवा कायम दमट. त्यांनी विजेरी वर धरली. छताच्या पत्र्यात बाहेरून ठोकलेल्या खिळ्यांची टोकं आतून डोकावत होती आणि एकेका टोकावर पांढऱ्या बर्फाचा शेंगदाण्याएवढा मणी! रांगाच्या रांगा. खिडकीच्या काचेवर आतून बर्फाची जाळीदार नक्षी. हे सगळं पाणी कुठून आलं? पक्ष्यांच्या श्वासातून, विष्ठेतून, सांडलेल्या पाण्यातून. गरम पाण्याने आंघोळ करून बाहेर पडल्यावर न्हाणीघराच्या भिंतींना घाम सुटलेला असतो, तसंच हे. फक्त इथे तो घाम गोठतो, आणि पत्र्यावर गोठतो तसाच कोंबडीच्या तुऱ्यावरही गोठतो. बदकाला तुरा नाही, म्हणून त्याचं निभावतं. कोंबड्यांना या खोपटात ठेवलं असतं तर पहिल्याच कडाक्यात तुरे गेले असते. म्हणून दोघांचे संसार वेगळे.

कोंबडी खाते त्याच्या साधारण दुप्पट पाणी पिते. तिच्या ताज्या विष्ठेत तीन भाग पाणी आणि एक भाग बाकी सगळं. लघवी वेगळी नाहीच. रात्रभर दोन डझन पक्षी एका खोलीत पाणी सोडत बसलेले असताना आपण कनवाळूपणे दारं-खिडक्या गच्च लावायच्या, फटींत चिंध्या कोंबायच्या, म्हणजे त्यांना ओल्या हवेत कोंडायचं! कोरड्या हवेत उणे वीस अंश सोसणारा तुरा दमट हवेत शून्याच्या थोडं खालीच दुखावतो. मला हे ऐकून इतका आनंद झाला की मी बाईंना दोनदा पुन्हा सांगायला लावलं.

पण फट म्हणजे झोत नव्हे, हे त्यातलं खरं गमक. हवा वरून जायला हवी, पक्ष्यांच्या डोक्यावरून, पण दांडीवर बसलेल्या कोंबडीचं पीससुद्धा हलता कामा नये. वारं पिसांत शिरलं की पिसांमध्ये धरून ठेवलेली ऊबदार हवा निघून जाते आणि मग कितीही फुगून बसा, उपयोग नाही. बाई दांडीच्या उंचीवर प्लास्टिकची पातळ पट्टी टांगून ती हलते का बघतात. मला वेगळंच सुचलं. पुढच्या खेपेला मी लेकीच्या देवघरातून उदबत्ती नेली! बाईंनी खाली पाण्याचा डबा धरला (भुसा आहे, ठिणगी पडली तर आग), मी उदबत्ती दांडीजवळ धरली. धूर सरळ, दोऱ्यासारखा वर गेला, आणि छताजवळ पोचताच एकदम वाकून फटीतून बाहेर पळाला. आम्ही दोघी लहान मुलींसारख्या टाळ्या पिटत होतो. कोंबड्यांनी मात्र आमच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही.

हे ज्ञान जुनं आहे, हे तर आणखी गमतीचं. डॉ. प्रिन्स वुड्स नावाच्या गृहस्थाने १९२४ साली मोकळ्या हवेच्या खुराड्यांवर अख्खं पुस्तक लिहून ठेवलं. त्यांच्या खुराड्याची दक्षिणेकडची पुढची बाजू उघडी, फक्त जाळी लावलेली, आणि तीही भर हिवाळ्यात. खोली लांबट, पक्षी मागच्या टोकाला बसतात, तिथवर वारं पोचत नाही. शंभर वर्षं होऊन गेली, तरी लोक दरवर्षी नव्याने फटी बुजवतात.

आता तुऱ्याकडे येते, कारण माझा खरा जीव तिथे अडकलाय.

कोंबडीचा पूर्वज म्हणजे आग्नेय आशियातला लाल रानकोंबडा. उष्ण जंगलातला पक्षी. पक्ष्यांना घाम येत नाही. मग उकाड्यात अंगातली उष्णता बाहेर टाकायची कशी? तोंड उघडून धापा टाकायच्या आणि तुऱ्यात, गळ्याखाली लोंबणाऱ्या लाल कातडीत भरपूर रक्त खेळवायचं. पिसं नाहीत, कातडी पातळ, रक्तवाहिन्या दाट, उष्णता भराभर निघून जाते. वैशाखात आमच्या अंगणातला कोंबडा याच तुऱ्यावर तरला. आणि तोच तुरा मिनेसोटात त्याच्या जिवावर येतो! उष्णता घालवण्यासाठी बनलेला अवयव थंडीतही उष्णता घालवतच राहतो, मग शरीर तिथलं रक्त आखडून घेतं, पेशींत बर्फाचे कण तयार होतात, आणि टोकं मरतात. हाच हिमदंश. सियाचिनच्या बातम्यांत वाचलेला शब्द, तो कोंबड्याच्या डोक्यावर!

बाईंनी त्यांचा एक पांढरा लेगहॉर्न कोंबडा काखेत धरून मला जवळून दाखवला. उंच, दातेरी, लालबुंद तुरा आणि पाचही दात्यांची टोकं कोळशासारखी काळी. मी बोट लावलं. बुडाशी मऊ, गरम, टोकाशी वाळक्या चामड्यासारखं कडक. आधी ती टोकं पांढुरकी झाली, मग सुजली, मग काळी पडली. कापायची नाहीत, त्या म्हणाल्या. खालचा जिवंत भाग त्यांच्याच आडोशाने सावरतो, मेलेला भाग काही आठवड्यांनी आपसूक गळून पडतो. कोवळा हिमदंश लक्षात आला तर पक्ष्याला थंडीतून हलवायचं आणि तो भाग कोमट पाण्याने हळूहळू मोकळा करायचा. चोळायचं नाही, केस वाळवायचं यंत्र लावायचं नाही, शेगडीजवळ धरायचं नाही. आणि एकदा ऊब दिली की पुन्हा गोठू द्यायचं नाही, कारण दुसऱ्यांदा गोठलं तर नुकसान दुप्पट. सूज, पू, दुर्गंधी दिसली तर पशुवैद्य.

कोंबडीपेक्षा कोंबड्याला याचा त्रास जास्त. त्याचा तुरा मोठा, शिवाय पाणी पिताना गळ्याखालची लोंबती कातडी भांड्यात बुडते, ओली होते आणि बाहेर येताच गोठते. म्हणून बाईंकडे उघडं भांडं नाही, बादलीला कडेने बसवलेल्या चोचीने ढकलायच्या तोट्या आहेत आणि बादलीत पाणी गोठू नये म्हणून छोटा हीटर. व्हॅसलीन लावतात का, हे मी विचारलंच, कारण आपल्याकडे ओठ फुटले की तेच. लावणारे लावतात. पण ते ऊब देत नाही, आतून गोठणं थांबवत नाही, आणि माणूस व्हॅसलीन लावून निश्चिंत होतो ते वेगळंच. बाईंचा कल फटीकडे, व्हॅसलीनकडे नाही. माझाही आता तिकडेच.

आणि मग ऐका, काय भारी गोष्ट कळली! तुऱ्यांचे प्रकार असतात. उंच दातेरी सिंगल कोंब (कोंब म्हणजे इंग्रजीतला तुरा) तर आपल्याला माहीत आहेच. पण डोक्याला चिकटून बसलेला, बारीक खडबडीत रोझ कोंब असतो, तीन बुटक्या ओळींचा पी कोंब असतो. यांना गोठायला फारसा भागच बाहेर नाही. वायनडॉट कोंबडीला रोझ कोंब, म्हणून ती थंडीतली लाडकी. ओहायोतल्या नेटी मेटकाफ या बाईंनी पी कोंबाची बकाय जात तयार केली. स्त्रीने घडवलेली ती अमेरिकेतली एकमेव कोंबडीची जात मानली जाते. पण माझं मन जिंकलं ते शँतक्लेअरने. कॅनडात क्यूबेक प्रांतात ओका इथल्या मठात ब्रदर विल्फ्रिड शातलँ नावाचे साधू कुक्कुटपालन बघत. १९०७च्या सुमारास त्यांच्या ध्यानात आलं की आपल्याकडच्या सगळ्या जाती परक्या देशांतून आलेल्या, इथल्या हिवाळ्यासाठी घडवलेली एकही नाही. मग या साधूने कॉर्निश, लेगहॉर्न, ऱ्होड आयलंड रेड, वायनडॉट आणि प्लिमथ रॉक असे संकर लावत लावत एक पांढरी कोंबडी उभी केली. तुरा म्हणाल तर नुसता उशीसारखा बुटका गोळा, गळ्याखालची कातडी जवळजवळ नाहीच, आणि तरी भर हिवाळ्यात अंडी! १९१८ला ती लोकांसमोर आली. मठातला माणूस, प्रार्थनेच्या मधल्या वेळात बसून, कोंबडीच्या डोक्यावरचा धोका पिढ्यान् पिढ्या कमी करत नेतो आहे. मी रात्री बाळाला मांडीवर घेऊन याचाच विचार करत बसते.

तुऱ्याने तर विज्ञानालाही कामाला लावलं. मेंडेलने वाटाण्यावर जे दाखवलं तेच नियम प्राण्यांनाही लागतात, हे विल्यम बेटसनने १९०२मध्ये दाखवलं ते कोंबड्यांच्या तुऱ्यांवरून. रोझ कोंब आणि पी कोंब यांचा संकर केला तर तिसराच, अक्रोडासारखा तुरा निघतो! पुढे शंभर वर्षांनी जनुकं तपासणाऱ्यांना आणखी एक भानगड सापडली. ज्या उलथापालथीमुळे रोझ कोंब तयार होतो, तीच कोंबड्याच्या शुक्रजंतूंची चाल मंदावते. म्हणजे दोन्हीकडून रोझ कोंबाचा वारसा आलेला कोंबडा थंडीत डोकं वाचवतो, पण वंश वाढवण्यात जरा मागे पडतो. निसर्ग असा हिशोबी.

मोराच्या डोक्यावर लाल मांसाचा तुरा नाही, ती नुसती पिसांची काडीकाडीची कलगी. त्यामुळे डोक्याची चिंता मिटली. मोराला हिमदंश होतो तो पायांच्या बोटांना.

तेही लगेच होत नाही, कारण पक्ष्याच्या पायातली योजना बघा! अंगातलं गरम रक्त घेऊन खाली उतरणारी धमनी आणि पायातून गारठलेलं रक्त घेऊन वर येणारी शीर एकमेकींना अगदी चिकटून जातात. खाली जाणारं रक्त वाटेतच आपली ऊब वर येणाऱ्याला देऊन टाकतं. त्यामुळे पाऊल गार राहतं, गोठण्याच्या जरा वरच, पण पोटातली एकेचाळीस अंशांची ऊब बर्फात वाया जात नाही. बाहेर बर्फावर उभी असलेली कोंबडी एक पाय पोटाखाली घेते, थोड्या वेळाने दुसरा. मी खिडकीतून चहा पीत हे बघत उभी होते.

पण रात्र बारा-चौदा तासांची, आणि तेवढा वेळ बोटं उघडी राहिली तर ही योजना अपुरी पडते. म्हणून दांडी! आपण पक्ष्याला गोल दांडी देतो, त्याने पकडून बसावं म्हणून. गोल दांडीला विळखा घातला की बोटांची टोकं खालून बाहेर राहतात, थेट थंडीत. इथे मोराला देतात टू बाय फोर लाकडाची फळी, आणि तीही रुंद बाजू वर करून. नाव टू बाय फोर असलं तरी रंधा मारल्यावर ती प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंचांचीच भरते. साडेतीन इंचांच्या सपाट बाजूवर मोर पाऊल पसरून बसतो, छाती खाली टेकवतो आणि पोटाची पिसं बोटांवर पांघरूण होऊन पडतात. नखसुद्धा बाहेर नाही! लोखंडी पाइप कधीच नाही, धातू उष्णता ओढून घेतो. आणि फळी पाच-सहा फुटांवर, म्हणजे पिसारा खालच्या ओल्या भुशात लोळत नाही. एवढीशी सुधारणा. खिळे चार, फळी एक.

बोटं गेली तर मोर मरत नाही. पण मीलनाच्या वेळी त्याला लांडोरीच्या पाठीवर तोल सांभाळून उभं राहावं लागतं आणि बोटांशिवाय ते जमत नाही. मग अंडी घातली जातात, पण उबत नाहीत. जानेवारीतल्या एका रात्रीचा हिशोब जूनमध्ये पिल्लांच्या संख्येत लागतो.

तरीही हा पठ्ठ्या छपरावर बसतो! आम्ही गेलो त्या संध्याकाळी बाईंनी शेडमध्ये मांजराचं कोरडं खाणं टाकलं (हो, मोर मांजराचं खाणं मिटक्या मारत खातो), लांडोरी आत गेल्या, दोन तरणे मोर आत गेले, आणि थोरला उडून छपराच्या कडेवर. फेब्रुवारी असल्याने त्याचा पिसारा पुन्हा वाढून जवळजवळ पूर्ण झाला होता. आपल्याकडे पावसाळ्याच्या शेवटी गळतो, इथे ऑगस्टच्या सुमाराला, आणि हिवाळाभर नवा वाढत असतो. तो लांबलचक हिरवा-सोनेरी पिसारा पांढऱ्या छपरावरून खाली लोंबत होता आणि वरून बारीक बर्फ भुरभुरत होता. पाठीवर पडलेला बर्फ वितळतही नव्हता, इतकी आतली ऊब आतच. बाईंना कोरड्या बर्फाची काळजी नाही. त्यांना धास्ती आधी पाऊस आणि मागून कडाका अशा रात्रीची. ओला पिसारा गोठला की त्याला बर्फाचे गोळे लटकतात, उडता येत नाही, कोल्ह्याला आयतं सावज. तशी रात्र दिसली की सगळ्यांना दिवसाउजेडीच आत कोंडायचं. पहिल्या हिवाळ्यातली पिल्लं तर आतच. आणि मोरांच्या आवारावर ताणलेल्या जाळीवर ओला बर्फ साचला की ती कोसळते, म्हणून मध्यरात्री उठून झाडूच्या दांड्याने खालून ठोकत बर्फ पाडायचा. सत्तरी ओलांडलेली बाई!

सगळ्या मोरांना हे झेपत नाही. आपला निळा मोर हिमालयाच्या पायथ्याला साधारण अठराशे मीटरपर्यंत सापडतो, थोडी थंडी त्याच्या ओळखीची. म्यानमार, इंडोचीन, जावा इकडचा हिरवा मोर मात्र उष्ण प्रदेशातला, त्याला इथे खरोखर उबदार खोली लागते.

दिव्याबद्दल सांगायचं राहिलंच. लाल उष्णतेचा दिवा सगळ्या दुकानांत मिळतो, आणि दर हिवाळ्यात खुराडी जळतात ती बहुतेक त्याच्यामुळे. भुसा, धूळ, उडणारे पंख आणि तापलेला दिवा. शिवाय वादळात वीज गेली तर उबेची सवय लागलेल्या कोंबड्यांचं काय? थंडी हळूहळू वाढत गेली की पिसांचं अस्तर दाट होतं, पक्षी तयार होतो. त्यापेक्षा संध्याकाळी मूठभर जास्त मका. पोटात दाणा दळला जात असताना अंगात ऊब निर्माण होते, रात्र निघते. यात मला काहीच नवीन वाटलं नाही. आमची आजीही डालगं झाकण्याआधी जोंधळा टाकायचीच.

हे सगळं मी भावाला फोनवर सांगितलं. एका दमात. तो आधी मोरावरच अडकला. "छपरावर? बर्फात? खोटं." मग मी शेडकडे वळले. हिवाळ्यात तो रात्री चारही बाजूंचे बारदानाचे पडदे जमिनीपासून आढ्यापर्यंत बांधून टाकतो. सकाळी वाफ, तूस ओलं, अमोनिया, आणि जानेवारीत त्याचे ब्रॉयलर पोटात पाणी होऊन मरतात. जलोदर. औषधं झाली, खाद्य बदलून झालं.

"दादा, पडद्याला वरून हातभर फट ठेव."

"पिल्लं गारठतील."

"लहान पिल्लांना ऊब दे की. पहिल्या आठवड्यात त्यांना चौतीस-पस्तीस अंश लागतात, तिथे शेगडी हवीच. पण तिथेही वरची हवा कोंडू नकोस. आणि पिसं आलेल्या पक्ष्यांना कशाला कोंडतोस? खालून घट्ट बांध, वरून सोड."

"तू तिथे बर्फात बसून मला कराडची शेड शिकवणार?"

"शेडमध्ये उदबत्ती लाव आणि धूर कुठे जातो ते सांग मला. पाण्याची बादली जवळ ठेव. तूस आहे."

तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "कुठली उदबत्ती, मोगऱ्याची चालेल का?"